शेवटचा फोटो धाकटीचा

"आज तूच लाव दोन्ही," थोरले म्हणाले आणि त्यांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला.

एवढंच झालं. खोलीत दुसरं कुणी असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. मला मात्र पायरी चुकल्यासारखं झालं. लग्नाच्या कामाला आम्ही दोघं असतो, ते पहिले फोटोग्राफर आणि मी दुसरी. धंद्यातले लोक त्यांना थोरले म्हणतात आणि मला धाकटी. एकोणीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की माझा नवरासुद्धा चिडला की मला धाकटी म्हणतो. कॅमेऱ्यातली घड्याळं जुळवणं हे आमचं सकाळचं पहिलं काम. ती सेकंदावर जुळली नाहीत, तर दोघांचे फोटो एकत्र केल्यावर नवरी आधी सही करते आणि मग पेन शोधते. म्हणून बॅगा उघडल्या की आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहतो, थोरले तीन, दोन, एक म्हणतात आणि दोघं आपापल्या कॅमेऱ्याचं बटण एकदम दाबतो. एकदा त्यांना ताप होता, एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालेलं होतं आणि आठवडाभर बोलणं बंद होतं, तेव्हाही तीन, दोन, एक झालं होतंच. आज ते कॅमेरा देऊन खिडकीशी गेले आणि पडदा नीट करत बसले. पडदा नीटच होता. मी दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले, मनातल्या मनात मोजलं आणि दोन अंगठ्यांनी दोन बटणं दाबली. त्यांच्या कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड अगदी शेवटपर्यंत वाढवलेला होता, भर उन्हात उभं राहून काम करताना ठेवतात तेवढा. आम्ही खोलीत होतो आणि सकाळचे नऊ वाजले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. "झालं." "सेकंदावर?" "सेकंदावर," मी म्हटलं आणि कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. तोही ते एरवी स्वतःच अडकवतात.

दुसरी म्हटलं की लोकांना माझी उगाच कीव येते. आजही आली. नवरीची आत्या हातात कागद घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून आमच्या खोलीत शिरली, कुणाकुणाचे फोटो हवेत ती यादी तिच्याकडे होती. नवरीची आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरातलं सगळं ही आत्या बघते, हे आम्हाला पहिल्या भेटीतच कळलं होतं, कारण ते तिनंच सांगितलं होतं. "तुम्ही दुसऱ्या ना?" तिनं मला विचारलं. "मग तुमच्याकडे देऊन काय उपयोग, पहिले कुठायत?" मी म्हटलं, "द्या माझ्याकडे. पहिल्यांच्या खिशात गेलेला कागद पुन्हा दिसत नाही." ती हसली नाही, पण कागद दिला. तिला काय सांगणार, की दुसरी असणं ही माझी स्वतःची निवड आहे आणि मी त्यात पटाईत आहे. सगळे ज्याच्याकडे बघतात त्याच्याकडे पहिला बघतो. मी बघणाऱ्यांकडे बघते. नवरा-नवरी हसले की थोरले ते हसू टिपतात, आणि मी चौथ्या रांगेत बसलेली ती बाई टिपते, जिला ते हसू बघून आपलं काहीतरी आठवलंय. घरी अल्बम गेला की लोक पहिल्या दिवशी थोरल्यांचे फोटो बघतात आणि दहा वर्षांनी माझे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण मला ते पक्कं ठाऊक आहे. माझा नवरा म्हणतो, तू घरीसुद्धा कोपऱ्यात उभी राहतेस. राहतेच. कोपऱ्यातून सगळं घर दिसतं.

आणि आमचा एक नियम आहे. थोरल्यांनी ज्या कोनातून फोटो काढला त्याच कोनातून मी काढायचा नाही. त्यांच्या खांद्यावरून डोकावून काढलेल्या फोटोला आम्ही उष्टा फोटो म्हणतो. पहिल्या वर्षी मी असे चिक्कार उष्टे फोटो आणायचे, कारण ते जिथं उभे तिथंच बरोबर जागा असणार अशी माझी समजूत होती. त्यांनी एक दिवस सगळे फोटो समोर मांडले आणि म्हणाले, "हे माझं जेवून झालेलं ताट आहे. तुझं वाढून घे की." त्यानंतर अठरा वर्षांत मी एकही उष्टा फोटो काढलेला नाही.

नवरी तयार होत होती त्या खोलीत थोरल्यांनी तास काढला. मी दारात बसून आत्याचे काढत होते. ती पिना तोंडात धरून सगळ्यांना सूचना देत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं, तरी सगळे हो म्हणत होते. मग थोरले बाहेर आले, "हात धुऊन येतो, धर जरा," म्हणाले आणि कॅमेरा पुन्हा माझ्याकडे आला. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातले फोटो बघू नयेत असं काही आमच्यात नाही, उलट थोरल्यांनाच दर पाच मिनिटांनी दाखवायची हौस. आज त्यांनी एकदाही दाखवलं नव्हतं. मी बटण दाबलं. नवरी आरशासमोर बसलेली, चेहरा वळवलेला, खिडकीतला उजेड गालावर बरोब्बर पडलेला, असा फोटो की त्यांच्याखेरीज कुणाला सुचणार नाही. आणि तिच्या मागं खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या टॉवेलचा दोरा न् दोरा दिसत होता. चेहरा मात्र धूसर होता. मी पुढचा बघितला. तिथं दाराची बिजागरी स्पष्ट होती. त्याच्या पुढच्यात भिंतीवरचा स्विच. एखाद-दुसरा फोटो सगळ्यांचाच चुकतो, माझे तर सकाळी चहा होईपर्यंत चुकतात. पण मी अकरा बघितले आणि अकराही एकाच बाजूला, सारख्याच अंतरानं चुकले होते. फोकस नवरीच्या मागं वीतभर पडत होता. थोरल्यांची लेन्स जुनी आहे, सगळी धातूची, तिला स्वतःहून फोकस करायची सोयच नाही. कड्यावर बोटं ठेवून डोळ्यांनी जुळवायचं. "कुणाकडे बघायचं ते यंत्राला काय कळतंय," असं ते माझ्या कॅमेऱ्याकडे बघून नेहमी म्हणतात. त्यांची बोटं अजून पक्की आहेत, जागा पक्की आहे, वेळ तर अशी साधतात की मला आजही हेवा वाटतो. फक्त त्यांना दिसत नव्हतं. आणि आपल्याला किती दिसत नाही तेही त्यांना दिसत नव्हतं, कारण पडद्यावर फोटो बघायला जे डोळे लागतात ते तेच होते.

मी कॅमेरा बंद केला. मला धसका बसला. तो थोरल्यांसाठी होता हे खरं आहे, पण सगळा त्यांच्यासाठी नव्हता. मला माझी आई आठवली. आई काज करायची. शिंपीकाका शर्ट शिवायचे आणि काजं करायला आमच्याकडे पाठवायचे, दिवसाला वीस-पंचवीस शर्ट, प्रत्येकाला सात काजं. ती दाराशी बसायची, उजेड खांद्यावरून यायला हवा म्हणून पाटाची जागा दिवसभर सरकवत राहायची. आधी ती मला सुई ओवून दे म्हणायला लागली. मग पाट दाराच्या बाहेर गेला. मी नऊ वर्षांची होते आणि माझे डोळे तेव्हापासून तीक्ष्ण. सगळ्यांच्या आधी मला दिसायचं, आणि दिसलं की बोलायचंच. बरोबर असण्याची मला भारी हौस होती. एक दिवस शिंपीकाका शर्टांचा गठ्ठा न्यायला आले आणि मी वरचाच शर्ट उचलून म्हटलं, "काका, हे काज बघा, वाकडं झालंय. हेही. आईला दिसतच नाही आता." आई हसली. काकाही हसले, शर्ट चाळत म्हणाले, "चालायचंच." दुसऱ्या दिवशी शर्ट आले नाहीत. आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बरेच दिवस ती सकाळी पाट घेऊन दाराशी बसायची, हात मांडीवर ठेवून, आणि रस्त्यानं जाणाऱ्यांशी बोलत राहायची. काज खरंच वाकडं होतं. मी बरोबरच होते, आणि त्याचा मला आजतागायत काडीचा उपयोग झालेला नाही.

थोरले हात पुसत आले. "कसे आलेत?" त्यांनी विचारलं. त्यांना काय माहीत मी बघितले ते, पण मला ते ओळखतात. मी म्हटलं, "उजेड काय पकडलाय तुम्ही." हे खरं होतं. ते खूश झाले आणि मी घड्याळ बघितलं. लग्न नोंदणी पद्धतीचं होतं आणि साडेअकराला सह्या होत्या.

सह्यांचं म्हणाल तर सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. टेबल, नोंदवही, पेन, साक्षीदार. पण नवरीचे वडील आम्हाला पहिल्यांदा भेटले तेव्हा आत्यानं त्यांना बोलूच दिलं नव्हतं आणि निघताना दारात ते हळूच म्हणाले होते, "मला बाकी काही नको. सही करून ती मान वर करेल ना, तेव्हाचा चेहरा तेवढा द्या. तिच्या आईनं सही करून वर बघितलं तेव्हा फोटो काढायला कुणी नव्हतं. आणि आता मला तो चेहरा नीट आठवत नाही." थोरले त्यांना म्हणाले होते, "दिला." असा शब्द ते सहसा देत नाहीत. मान वर करणं पुन्हा करून दाखवता येत नाही. सही पुन्हा करता येईल, पेन पुन्हा धरता येईल, पण वर बघायचं ते एकदाच. आणि तेव्हा थोरले टेबलासमोर उभे असणार, बोटं कड्यावर, आणि सगळा फोकस जाऊन बसणार तो टेबलामागच्या कापडी पडद्यावर.

सांगून टाकावं का, हे मी जिना उतरताना मनात घोळवलं. आत्ता सांगितलं तर डोळे गेलेलेच आहेत, वर त्यांच्या हातांचा भरवसाही जाईल. आत्याला सांगितलं तर ती सगळ्या हॉलला सांगेल. शेवटी मी जे करते तेच करायचं ठरवलं, म्हणजे काम. हॉलमध्ये माझी जागा डावीकडच्या खांबाशी ठरलेली होती. तिथून वडील दिसत होते, पहिल्या रांगेत कडेला, हात गुडघ्यांवर. मी तिथं क्षणभर उभी राहिले. ती जागा सोडताना मला कळत होतं मी काय सोडतेय. मग टेबलाच्या समोर गेले आणि थोरल्यांच्या डाव्या खांद्यामागं उभी राहिले, इतकी जवळ की त्यांच्या शर्टाला आलेला इस्त्रीचा वास येत होता.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "उष्टं खातेयस आज?"

"भूक लागलीय," मी म्हटलं.

"सकाळी खाऊन यावं माणसानं," ते म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. नवऱ्यानं सही केली. नवरीनं पेन घेतलं, ते चाललं नाही, तिनं हातावर ओढून बघितलं, साक्षीदारानं आपलं दिलं. ती वाकली. तिच्या केसांतली एक पिन निसटून कानाशी लोंबत होती आणि आत्या ते दुरून खुणांनी सांगत होती. थोरल्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. ते नेहमी असं करतात, फोटोच्या आधी श्वास धरतात, आणि एकोणीस वर्षांत मीही त्यांच्याबरोबर धरायला शिकलेय. नवरीनं मान वर केली. त्यांचा कॅमेरा वाजला आणि माझाही, एकाच सेकंदाला. ती कुणाकडे बघत होती ते मला ठाऊक होतं. वडिलांकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगत बसत नाही, ते माझ्याकडे आहे, पापणी न् पापणी स्पष्ट. पण वडील त्या वेळी कसे दिसले ते कुणालाच कधी कळणार नाही. डावीकडच्या खांबाशी तेव्हा कुणी नव्हतं. मी वळून बघेपर्यंत ते उभे राहिले होते आणि टाळ्या वाजवत होते.

पुढचा सगळा दिवस मी उष्टंच खाल्लं. जिन्यावरच्या सगळ्या घराच्या फोटोला, जेवणाच्या टेबलांशी, दारात गाडीपाशी. यादीतलं एकही नाव सोडलं नाही. आत्यानं मला दोनदा हटकलं, "तुम्ही त्यांच्या मागं मागं काय करताय, दुसरीकडचे कोण काढणार?" मी म्हटलं, "दुसरीकडे आज काही घडत नाहीये." मला माझ्या हातांचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. थोरल्यांची प्रत्येक जागा मी उचलली आणि प्रत्येक फोटो त्यांनी ठरवलेला तसाच आला, फक्त दिसणारा. असं वाटत होतं की त्यांचा हात माझ्या डोळ्यांना लावलाय आणि मिळून एक धड फोटोग्राफर झालाय. अशा वेळी मला गप्प राहणं फार सोपं वाटलं. असंच चालू ठेवू, शनिवारी पुढचं लग्न आहे, तिथंही मागं उभी राहीन, फोटो एकत्र करताना त्यांचे काढून माझे घालीन, त्यांना कळणारही नाही. एकदा खरं बोलून बघितलं होतं. आता न बोलून बघू.

चारच्या सुमाराला हॉल रिकामा झाला. खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावलेल्या, टेबलावर फक्त ते न चालणारं पेन. थोरले म्हणाले, "चल, उभी राहा." काम संपलं की शेवटचा फोटो धाकटीचा, ही आमची जुनी रीत. माझी सगळी मेमरी कार्डं मी पत्र्याच्या एका छोट्या डबीत भरते, डबी छातीशी धरून उभी राहते आणि थोरले एक फोटो काढतात. म्हणजे नंतर फोटो लावताना डबीवाली धाकटी आली की समजायचं, इथं लग्न संपलं. एकोणीस वर्षांचे माझे असे फोटो आहेत, सगळ्यांत मी दमलेली आणि सगळ्यांत अगदी स्पष्ट. अशा वेळी दिवे निम्मे घालवलेले असतात, उजेड कमी, शटर सावकाश, जरा हललं की फोटो गेला. पण मी हलत नाही. थोरले दुसऱ्या फोटोग्राफरांना बढाईनं सांगतात, ही भिंतीपेक्षा स्थिर उभी राहते, भिंतीला निदान तडे जातात. आजही मी टेबलाशी उभी राहिले. त्यांनी बोटं कड्यावर फिरवली, थोडी पुढं, थोडी मागं, पुन्हा पुढं. श्वास धरला. मीही धरला. मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बघ."

मागच्या पडद्याच्या चुण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट होत्या. त्यांच्यापुढं डबी धरलेली एक बाई होती, तिला तोंड होतं एवढं कळत होतं. मला तो फोटो बघून वाईट वाटायला हवं होतं, पण आधी डोक्यात हिशेबी विचार आला की हे निभावून नेता येईल. माणूस हललं की असंच होतं, मागचं स्पष्ट आणि माणूस पुसट.

"मी हलले," मी म्हटलं. "जरा शिंक आल्यासारखं झालं. पुन्हा काढा."

कॅमेऱ्यासाठी थोरल्यांनी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. मग त्यांनी भिंतीशी जाऊन एक खुर्ची ओढली, ती दुसरीत अडकलेली होती, त्यांनी ती हलवून हलवून सोडवली आणि तिच्यावर बसले.

"तू हललीस?" ते म्हणाले.

मी कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळत राहिले.

"धाकटे, तू कधी हललीयस?"

नऊ वर्षांची असताना मी हातात शर्ट घेऊन उभी होते, तशी आता कॅमेरा घेऊन उभी होते. तेव्हा खरं बोलून मी आईला उघडं पाडलं होतं, आणि आज खोटं बोलून यांना. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी खरं बोलणं चुकलं. ते चुकलं नव्हतं. मी ते शिंपीकाकांना सांगितलं होतं. आईला सांगितलंच नव्हतं. मी दुसरी खुर्ची सोडवली आणि थोरल्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले.

"नाही हलले," मी म्हटलं. "फोकस मागं पडलाय. सकाळपासून पडतोय. सगळ्यांत."

"किती मागं?"

"वीतभर."

ते मान हलवत राहिले. "नजरेच्या मधोमध एक डाग आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "ज्याच्याकडे बघावं तेच जातं, कडेचं दिसतं. मला वाटलं, बोटांवर निभेल." मग त्यांनी विचारलं, "सही?"

"आहे. माझ्याकडे."

"मान वर केलेली?"

"मान वर केलेली. तुमच्याच जागेवरून."

"उष्टा," ते म्हणाले.

"उष्टाच."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि मी ते बघितलं आणि नजर वळवली नाही. "आणि बाप?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाप राहिला." ते डावीकडच्या खांबाकडे वळले. "कडेचं मला दिसतं अजून," ते म्हणाले. "चौथ्या रांगेतलं. खांबाशी उभं राहायला तुझ्यासारखा एखादा कॅमेरा घ्यावा लागेल, आपोआप फोकस करणारा. मला त्याची लाज वाटेल, ते मी बघून घेईन. पण घड्याळं लावताना तीन, दोन, एक मी म्हणणार. मोजायला काही डोळे लागत नाहीत."

शनिवारी टेबलासमोर मी आणि खांबाशी ते. सगळं ठरलेलं होतं. मी उठले आणि डबी त्यांच्या हातात दिली, आणि मला जाणवलं की एकोणीस वर्षांत त्यांचा एकही फोटो कुणी काढलेला नाही. "उभे राहा," मी म्हटलं. ते उभे राहिले, डबी छातीशी धरून, टेबलाशी, अगदी मी राहते तसे. त्यांना तेवढंच माहीत होतं. मी त्यांचाच कॅमेरा वर केला, बोटं कड्यावर. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या कानाच्या जरा बाजूला कुठंतरी होते, कारण तिथूनच मी त्यांना दिसत असणार. "हलू नका," मी म्हटलं आणि श्वास धरला. त्यांनीही धरला.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"खरं?"

मी फोटो मोठा करून बघितला, पापणीपर्यंत.

"खरं," मी म्हटलं.